लेकीला भात, लेकाला मूग

मी भोरमध्ये कॉम्प्युटर क्लास चालवते. एसटी स्टँडजवळ एक लांबट खोली, त्यात काही जुनी काही नवी यंत्रं, आणि दारावर मीच रंगवून घेतलेली पाटी: 'चपला बाहेर काढाव्यात. आत खाऊ नये.' माझे वडील, म्हणजे आमचे आबा, पहिल्यांदा क्लास बघायला आले तेव्हा त्यांची नजर अधू व्हायला लागली होती. पाटीवर काय लिहिलंय ते त्यांनी मला वाचायला लावलं आणि उंबऱ्यातच थांबून म्हणाले, "म्हंजी पाय बाहेर, जीभ बाहेर. मंग आत काय न्यायचं मान्सानं?"

"डोळे आणि बोटं," मी म्हटलं.

"निस्तं डोळं आन बोटं? मंग बाकीच्याला हितं भाईर बाकडं टाक बसायला."

क्लासातली मुलं खो खो हसली आणि मला राग आला. मला राग लवकर येतो, हे माझ्या माहेरी, सासरी आणि क्लासातल्या शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण आबा गावी परतल्यावर मी माझ्या खुर्चीत बसले आणि मला पटलं, की म्हातारा बरोबर बोलला. इतकी वर्षं मी लोकांना ही यंत्रं शिकवते आहे. यंत्र डोळ्याला बोलावतं, थोडंफार कानाला बोलावतं. बोटालाही बोलावतं, पण नुसतं टिचकी मारायला. बोटाला काय कळतं ते कोणी विचारत नाही. नाकाची आणि जिभेची तर दखलच नाही.

आमच्या घरी सगळं उलटं होतं. आमचं गाव वेल्ह्याच्या पुढे, एसटी जिथे वळून परत फिरते तिथलं. लहानपणी घरात वीज असून नसल्यासारखी, त्यामुळे टॉर्चवर सगळा भरवसा. सेल जिवंत आहे की मेला हे आबा जिभेनं बघायचे. सेलच्या बुडाला तारेचा तुकडा धरायचा, तारेचं दुसरं टोक आणि सेलचं टोक दोन्ही जिभेला टेकवायचं. आंबट लागलं तर सेल चांगला, काहीच लागलं नाही तर फेकून द्यायचा. मी आणि माझा धाकटा भाऊ मेलेले सेलही चाटत बसायचो, उगाच. पुढे मोबाईल आले आणि ओढ्यात पडायला लागले, तेव्हा ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची रीत पडली. डब्यातून बाहेर निघालेला मोबाईल कधी चालायचा, कधी नाही. वास मात्र दोन्ही वेळेला इंद्रायणी तांदळाचा यायचा.

आबांना काचबिंदू झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंब टाकून सांभाळा. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसऱ्याला आधी नळीतून बघावं एवढं दिसायचं, मग नुसती सावली. आई आधीच गेलेली. शेत चुलतभावाकडे वाट्यानं दिलेलं आणि त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, आबांच्या दुपारच्या भाकरीची जबाबदारी घेतलेली. घरं भिंतीला भिंत लागून आहेत. सकाळचा चहा आणि रात्रीचा भात आबा स्वतः करायचे. पण नजर इतकी गेलीय हे गावात कोणाला कळू द्यायचं नाही, असा त्यांचा हट्ट. "आंदळा झालो म्हून गावभर डांगोरा नगं," असं त्यांनी मला शपथ घालून सांगितलेलं. आपलं घर, आपलं अंगण, विहिरीची वाट त्यांच्या पायाला पाठ होती, त्यामुळे त्यांना वाटायचं की हे कोणाच्या लक्षात येत नाही.

माझा भाऊ पुण्यात एका कंपनीत आहे. तो एका रविवारी आला आणि आबा चुलीत लाकूड सारताना त्यानं बघितलं. सदऱ्याची बाही जाळापासून बोटभरही लांब नव्हती. त्या दिवशी तो हडबडलाच. म्हणाला, आता बास, आबांना घेऊन जातो. आबांनी पडवीतल्या खांबाला हात लावला आणि म्हणाले, "म्या न्हाई येनार." पुढे बराच वेळ भाऊ बोलत होता आणि आबा खांब धरून उभे होते.

शेवटी मी मध्ये पडले आणि तोडगा निघाला. आबांनी रोज सकाळी चहा झाला की भावाला स्वतःच्या हातानं व्हिडिओ कॉल करायचा आणि संध्याकाळी मला. भावाला रोज त्यांचा चेहरा दिसला पाहिजे. ज्या सकाळी कॉल येणार नाही, त्या दिवशी भाऊ गाडी घेऊन येणार आणि आबांनी मुकाट्यानं बसायचं. आबा म्हणाले, "व्हय." भाऊ मोठ्या पडद्याचा फोन घेऊन आला. फोन माझ्या हातात देऊन म्हणाला, "ताई, तू शिकवतेस ना लोकांना? शिकव."

अख्ख्या भोर तालुक्याला शिकवणारी मी, वडिलांपुढे घायकुतीला आले. आधीचा बटनांचा फोन आबा न बघता लावायचे, कारण बटनाला उंचवटा असतो. या फोनला सगळीकडून सारखीच काच. आबांनी ती वरून खाली, डावीकडून उजवीकडे चाचपली आणि म्हणाले, "ह्येला नाक न्हाई, डोळं न्हाई. धरायचं कुठं?" फोनला तोंडी हुकूम करून पाहिला. आतली बाई रेंज असेपर्यंत ऐकायची, आणि आमच्याकडे रेंज यायची ती पडवीत, तीही मध्येच जायची. शिवाय आबा तिला आधी "बाई, चा झाला का?" असं विचारायचे. ती त्यावर काहीतरी शहरी उत्तर द्यायची आणि खरा निरोप राहून जायचा.

दुसरं दुखणं बोटांचं. जन्मभर विळा, कोयता, नांगराची मूठ धरलेली ती बोटं इतकी निबर आणि कोरडी, की काचेला ती बोटं वाटायचीच नाहीत. आबा दाबायचे, फोन ढिम्म. मग त्यांनी आपलं आपणच बोट जिभेला लावलं, जसं पैसे मोजताना लावतात, आणि टेकवलं. फोन लगेच हलला. त्यानंतर ते दरवेळी तसंच करायला लागले. चाटलं, टेकवलं, परत चाटलं.

"आबा, जंतू असतात त्याच्यावर!"

"खारट हाय," आबा म्हणाले. "एवढा म्हागाचा फोन, आन चव निस्ती घामाची."

"चाटू नका."

"कालवन चाखल्याबिगर कळतं व्हय तुला?"

पुढे तर त्यांना चवीवरूनच फोन ओळखू यायला लागला. वहिनीचा फोन चुकून हातात आला, की एकदा बोट लावून म्हणायचे, "ह्यो न्हाई, ह्येला त्याल हाय."

बोट फोनला कळलं, पण बोटाला जागा कळेना. मी पडद्यावरचं सगळं काढून टाकलं आणि फक्त दोन मोठे चौकोन ठेवले, डावीकडे माझा आणि उजवीकडे भावाचा. खूण म्हणून कडेला माझ्या टिकल्या चिकटवल्या. आबांच्या थुंकीनं त्या दोन दिवसांत गळाल्या. एक तर त्यांच्या कपाळाला चिकटलेली सापडली आणि वहिनी हसून हसून खाली बसली. मग एका सकाळी मी तांदूळ निवडत बसले होते. आबा शेजारी होते. सहज म्हणून त्यांनी ताटात हात घातला आणि तांदळातले भाताचे दाणे, ते टरफलासकट राहिलेले, एकेक वेचून बाहेर काढायला लागले. न बघता. मी विचारलं तर म्हणाले, भात खरखरीत असतो, तांदूळ गुळगुळीत, यात बघायचं काय.

मी ताट तसंच टाकून उठले. चुलतभावाकडून पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि फोनच्या कव्हरच्या डाव्या कडेवर, माझ्या चौकोनाच्या बरोबरीनं, एक भाताचा दाणा चिकटवला. उजव्या कडेवर मूग. आबांनी कडेवरून अंगठा फिरवला, दाणा लागला, तिथून बोट सरळ आत नेलं, चाटलं, टेकवलं. माझा फोन माझ्या पदरात वाजला. आबांचा चेहरा असा फुलला, की मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही, त्यांना दिसत नव्हतं ना. पण आवाजावरून त्यांना कळलं. "रडाय काय झालं?" म्हणाले. "लागला न्हवं फोन?"

भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला भात आणि मला मूग? हे बरंय तुझं." आबांचं म्हणणं, लहानपणी हा मुगाच्या खिचडीशिवाय जेवायचा नाही, म्हणून मूग. भाऊ तरी कुरकुरत राहिला. तो चाळिशीचा आहे.

असं आमचं चाललं. संध्याकाळी आबा मला फोन करायचे आणि पहिलं विचारायचे, "काय शिजतंय?" मी फोन कढईवर धरायची. फोडणीचा आवाज ऐकून म्हणायचे, "हिंग जास्त पडला." आवाजावरून हिंग कसा कळेल, असं मी एकदा चिडून म्हटलं. तर म्हणाले, "तुजा हात मला ठावं हाय की." सुगी झाली की ते भाताचा दाणा दाताखाली धरून फोनजवळ चावायचे. नीट वाळलेला दाणा कट असा वाजतो, ओला असला तर नुसता चेपतो. "वाळलं का गं?" ते विचारायचे आणि मी भोरमध्ये ओट्यापाशी उभी राहून सांगायची, वाळलं, किंवा अजून एक ऊन द्या. हा आमचा दोघांचाच खेळ होता. भावाला सकाळी घाई असायची. थेंब टाकले का, गोळी घेतली का, चूल विझवली का, एवढं विचारून तो ऑफिसला पळायचा.

आणि त्याला चेहरा काही दिसायचा नाही. आबांच्या लेखी फोन ही कानाला लावायची वस्तू. व्हिडिओ असो नाहीतर आणखी काही, फोन लागला की ते उचलून कानाला धरायचे. भावाला रोज सकाळी पडदाभर कान दिसायचा.

"आबा, तोंडासमोर धरा फोन."

"मंग ऐकू कसं यायाचं?"

"येतं ऐकू!"

"तू वरडतुयास म्हून येतंय."

शेवटी भावानं कानावर समाधान मानलं. कानातले केस वाढले की मला फोन करून सांगायचा, ताई, या रविवारी कात्री घेऊन जा.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळे, कोयते, खुरपी, पहार, सगळं घासूनपुसून पडवीत मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी पूजेतलं अवजार वापरायचं नाही, त्याला सुट्टी. आता त्यात मोटारसायकल आली, मोबाईल आले. वहिनी या बाबतीत फार कडक. ती आबांची अवजारं मागायला आली तेव्हा आबा म्हणाले, "नांगर-कोयता समदं तुमच्याकडंच हाय. माझं अवजार आता ह्ये येकच. येवढं पूज, पोरी." आणि त्यांनी चंचीतून फोन काढून दिला. पानतंबाखूची ती जुनी चंची. फोनला कायम काताचा वास यायचा.

वहिनीनं तो दोन्ही हातांनी घेतला. करंट लागू नये म्हणून आधी बंद केला. मग बघते तर कव्हरच्या कडांना काहीतरी चिकटून वाळलेलं. तिला वाटलं, जेवताना हात लागून शितं चिकटली असणार. बिचारे आबा, एकटे माणूस, कोण पुसून देणार? तिनं नारळाची शेंडी घेऊन कव्हर दोन्ही कडांनी लख्ख घासलं. भात गेला, मूग गेला. मग आपल्या घरातले सगळे मोबाईलही बंद करून शेजारी मांडले आणि मनापासून पूजा केली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की संध्याकाळी आबांचा फोन आला नाही. मी लावला तर बंद. वहिनीचा बंद, चुलतभावाचाही बंद. मी मनाची समजूत घातली, की रेंज गेली असेल, नाहीतर लाईट. दसऱ्याच्या सकाळी मी दाराला तोरण बांधत होते आणि भावाचा फोन आला.

"कॉल नाही आला, ताई."

"येईल. सणाचा दिवस आहे."

"चहा होऊन दोन तास झाले असतील. मी निघालोय. बॅग घेतलीय."

बॅग म्हणजे काय ते मला कळलं. मी तोरण तसंच लोंबतं सोडलं, नवऱ्याला "येते" म्हटलं आणि स्कूटर काढली. कापूरहोळ, नसरापूर आणि मग आत वळून वेल्ह्याचा रस्ता. दोन्ही बाजूंना भाताची लोंबी पोटरीतून बाहेर पडून वाकायला लागलेली. एरवी त्या वासानं मी हळू होते. त्या दिवशी मला आधी पोचायचं होतं. आबांना काही झालं असेल ही एक भीती, आणि काहीही झालं नसेल तरी भाऊ त्यांना घेऊन जाईल ही दुसरी. खरं सांगते, अर्ध्या वाटेनंतर दुसरीच भीती जास्त होती. आबांचं घर म्हणजे त्यांचे उरलेले डोळे होते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते खरोखरचे आंधळे झाले असते.

आबा पडवीत बसले होते. अंगावर धुतलेला सदरा, मांडीवर फोन. ओठ कुंकवानं लाल आणि मिशीला हळद. मी गाडी लावायच्या आत ते म्हणाले, "आलीस? दानं गेलं गं समदं."

काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी पूजेतून चाचपून फोन उचलला. कडेवर अंगठा फिरवला तर नुसती कड. बोट चाटून टेकवलं तर खारट नाही, हळदीची कडवट चव. त्यांना वाटलं, दुसऱ्याचाच फोन आहे. मग काताचा वास आला आणि आपलाच आहे हे कळलं. चालू करायला गेले, तर चालू झाला की नाही हेच कळेना. चुलतभाऊ आणि वहिनी आपले मोबाईल पूजेतच ठेवून, मुलांना घेऊन पहाटेच देवीला गेलेले. दुसऱ्या कोणाला विचारायचं तर नजरेचं सगळं सांगावं लागणार. म्हणून ते तसेच बसून राहिले.

"त्यो येतोय का?" त्यांनी विचारलं.

"निघालाय."

आबांची मूठ मिटलेली होती.

भाऊ पानशेतच्या बाजूनं आला. गाडीतून उतरला तो हातात मोठी रिकामी बॅग घेऊनच. आबांना धडधाकट बसलेलं बघितलं आणि त्याची भीती एकदम रागात बदलली. मला तो राग ओळखू येतो, आमच्या घरचाच आहे. "ठरलं होतं ना?" एवढंच म्हणून तो सरळ आत गेला आणि दांडीवरचे आबांचे सदरे ओढून बॅगेत टाकायला लागला. मी बॅगेतून काढायला लागले. तो टाकतोय, मी काढतेय. पूजा, वहिनी, भात, मूग असं सगळं मी एका दमात ओरडून सांगितलं. तो म्हणाला, "हेच म्हणतोय मी! मुगाच्या एका दाण्यावर माझा बाप राहतो! उद्या तो उंदरानं खाल्ला तर?" त्याचा आवाज चिरकला. मला वाईट वाटलं, पण सदरा मी सोडला नाही.

"आरं भांडू नका सनासुदीचं," बाहेरून आबा म्हणाले. "ये हितं. आदी तुजा मूग लाव."

त्यांनी मूठ उघडली. तळहातावर एक भाताचा दाणा आणि एक मूग. सकाळपासून धरून बसले होते. दोन्ही दाणे घामानं ओले झालेले. डबे चाचपून त्यांनीच काढलेले. जागा दाखवायला कोणी नव्हतं म्हणून थांबलेले.

भाऊ दारात उभा राहिला. मग बॅग खाली ठेवून आबांसमोर येऊन बसला. मी कोनाड्यातून सोल्युशनची ट्यूब आणून दिली. त्यानं फोन चालू केला, चौकोन बघितला आणि जीभ दातात धरून, लहानपणी पतंगाला खळ लावायचा तसा, तो मूग चिकटवला. मी माझा भात लावला. थोडा वेळ आम्ही तिघं नुसते दाणे वाळायची वाट बघत बसलो.

"आता डोळं मीट," आबा त्याला म्हणाले. "आन लाव फोन."

त्यानं डोळे मिटले. बोट कडेवरून फिरलं, मुगावरून घसरून पुढे गेलं. परत आलं. मूग सापडला, पण आत वळताना चुकलं आणि कॅमेरा उघडला. "थुका लाव," आबा म्हणाले. त्यानं बोट चाटलं, हळदकुंकवाच्या चवीनं तोंड वाकडं केलं. तेव्हा आबांनी त्याचं बोट आपल्या हातात धरलं, मुगावर ठेवलं, आणि तिथून सरळ आत नेलं. भावाच्या खिशात फोन वाजला.

"उचल की," आबा म्हणाले.

"आबा, मी समोरच बसलोय."

"उचल."

त्यानं खिशातला फोन काढून उचलला. आबांनी आपला फोन सवयीनं कानाला लावला. भावाच्या पडद्यावर तो ओळखीचा कान आला. आबा फोनमध्ये बोलले, समोर बसलेल्या मुलाशी: "बाळा, तुला म्या रोज दिसतो. मला तू कवा दिसायचास?"

भाऊ पडद्याकडे बघत राहिला. इतके दिवस आम्ही आबा दिसावेत म्हणून धडपडत होतो. त्यांना आमच्यातलं कोणीच दिसत नाही, हे आम्हाला माहीत असूनही सुचलं नव्हतं.

आबांनी फोन खाली ठेवला आणि हात पुढे केला. भावाच्या कपाळावरून, नाकावरून, मग दाढीतून गालांवर. दाढी त्यानं हल्लीच वाढवलेली. चांगली दिसते असं मीच त्याला म्हटलं होतं. आबांची बोटं दाढीच्या आत थांबली.

"गालफाडं बसल्यात," ते म्हणाले. "जेवत न्हाईस?"

"जेवतो की."

"खोटं बोलू नगं. हाडाला हात लागतोय माझा."

मग खाली बघून भावानं सांगितलं, की ऑफिसात फार ताण आहे, माणसं कमी करताहेत, जेवायला बसलं की घास उतरत नाही. घरी सांगितलं नाही आणि मलाही नाही. "तुमची एक काळजी तरी कमी व्हावी म्हणून न्यायला आलो होतो," म्हणाला. आबांचा हात तसाच त्याच्या गालावर होता. भाऊही तो हात काढू देत नव्हता.

मी उठून मुगाची खिचडी टाकली. तांदूळ घरचा, मूग डब्यातला. आबा पडवीतून ओरडले, "हिंग बेतानं!" या वेळी वास खरोखर त्यांच्यापर्यंत गेला होता. भाऊ दोनदा वाढून घेऊन जेवला. आबा त्याच्या ताटाला हात लावून बघत होते, रिकामं झालं की नाही.

दुपारी वहिनी देवीहून आली. झालेला प्रकार ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "आबा, मला वाटलं शितं चिकटल्यात! आवो, सांगायचं न्हाई का?" आबा ओशाळून म्हणाले, "आता सांगतो. मला दिसत न्हाई, पोरी." वहिनी म्हणाली, "त्ये काय सांगताय? समद्या गावाला ठावं हाय. तुमच्या वाटंत आमी बादली तरी ठिवतो का कवा?" आबा मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटतं, त्यांना बरंच वाटलं असावं.

निघताना भावानं आबांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि पाया पडला. बॅगेचं आबांनीच विचारलं, "ती रिकामी कशापायी न्यायची?" आणि वहिनीकडून त्यात इंद्रायणी भरायला लावली, वर मुगाची पुरचुंडी. मग त्यांनी आपली अट सांगितली. "सकाळचा फोन म्या करीन. पर म्हैन्यातनं येकदा तू माझ्या हाताला लागलं पायजेस. त्ये चुकलं, तर म्या बॅग घिऊन तुला न्यायला यीन."

"व्हय," भाऊ म्हणाला. त्याच्या तोंडून हा 'व्हय' मी कित्येक वर्षांनी ऐकला.

पुढे दिवाळी झाली, भात कापून झाला. एका सकाळी क्लास उघडायच्या गडबडीत होते आणि भावानं त्या दोघांच्या व्हिडिओ कॉलमध्ये मलाही घेतलं. मी फोन समोर धरला. पडद्याच्या एका अर्ध्यात आबांचा कान होता, केस वाढलेला. दुसऱ्या अर्ध्यातही कान होता. तो भावाचा. ऑफिसची वेळ झालेली असताना तो कुठेतरी उभा राहून फोन कानाला घट्ट लावून ऐकत होता. तोंडासमोर धरा रे, असं ओरडायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात आबांनी दाणा चावला, कट, आणि भाऊ हळूच म्हणाला, "वाळलं, आबा." मीही फोन कानाला लावला.